वाङ्निश्चयाची अंगठी

साखरपुड्याचे शास्त्रोक्त नाव वाङ्निश्चय. वाणीने केलेला निश्चय, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या आजोबांच्या काळी नारळ, साखरेचा पुडा, मुलीला साडी आणि चार वडीलधाऱ्यांसमक्ष दिलेला शब्द एवढ्यावर लग्न ठरत असे. अंगठीची देवघेव पुढे केव्हातरी रूढ झाली आणि आता ती इतकी मुख्य झाली आहे की, साखरपुडा म्हणजे अंगठी घालण्याचा समारंभ, असेच तरुण मंडळी समजतात. त्यात वावगे काही नाही. शब्द उच्चारताच विरून जातो, वस्तू बोटात राहते; माणसाला काही खूण हवीशी वाटते. परंतु शब्दाच्या जागी वस्तू आली की एक प्रश्न उभा राहतो. शब्दाकडून आपण खरेपणाची अपेक्षा करतो. तीच अपेक्षा अंगठीकडून करायची, तर अंगठीचा खरेपणा कशात मानावा? सोन्याच्या कसात, खड्याच्या जातीत, की आणखी कशात? हा प्रश्न आम्हांला एखाद्या ग्रंथात भेटला नाही; तो गेल्या वर्षी आमच्या घरातच येऊन बसला.

आमचे घराणे गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास आले, त्याला आता पाचवी पिढी चालू आहे. आजोबा संस्थानच्या हिशेबी खात्यात कारकून होते. १९३१ साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांनी आजीसाठी माणकाची एक अंगठी घडवली. आमच्या घरात ती 'बर्म्याच्या माणकाची अंगठी' म्हणूनच ओळखली जाई. आजीनंतर ती आमच्या आईकडे आणि आईनंतर आमच्याकडे आली. चिरंजीवांचे लग्न इंदूरच्या एका जुन्या मराठी घराण्यात ठरले, तेव्हा पहिल्याच बैठकीत आम्ही व्याह्यांना मोठ्या अभिमानाने सांगून टाकले की, साखरपुड्याला सूनबाईंच्या बोटात आमच्या आजीचे बर्म्याचे माणिक येईल.

खडा कोंदणात हलत होता, म्हणून अंगठी सराफाकडे नेली. त्याने भिंग लावले, थोडा वेळ काहीच बोलला नाही, आणि मग रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत पाठवू या, म्हणाला. काही दिवसांनी कागद हाती आला. खडा कृत्रिम होता. त्याच्या पोटात वक्राकार रेषा आणि वायूचे बारीक बुडबुडे होते, आणि निसर्गात घडलेल्या माणकात अशा रेषा सापडत नाहीत. ओग्यूस्त व्हर्नोई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ही रीत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी प्रखर ज्योतीतून खाली पडू देतात. ती वितळून थेंबाथेंबाने साठते आणि माणकाची कांडी तयार होते. त्यात रंगासाठी क्रोमियम असते, आणि खाणीतल्या माणकाचा लाल रंगही क्रोमियमचाच. म्हणजे ही काच नव्हे. द्रव्य तेच, काठिण्य तेच, तेजही जवळजवळ तेच, फरक जन्माचा.

प्रथम आमच्या मनात आले ते हे, की आजोबांना कोणीतरी फसवले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात विक्रेत्याचा आम्ही दोन दिवस मनसोक्त राग केला. मग माळ्यावरच्या ट्रंकेतील त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आठवल्या. त्या मोडीत आहेत आणि आमच्या घरात आता मोडी कोणालाच वाचता येत नाही. एका जाणकार स्नेह्यांनी ते पान लावून दिले. नोंद स्वच्छ होती: अंगठी एक, सोने पाव तोळा, माणिक कृत्रिम विलायती. आजोबांना कोणीही फसवले नव्हते. ऐपत होती तेवढे त्यांनी घेतले आणि जे घेतले तेच लिहून ठेवले.

मग 'बर्मा' आला कोठून? आम्ही आठवून पाहिले. आजीच्या तोंडून तो शब्द ऐकल्याचे आम्हांला स्मरत नाही. ती 'माझं लग्नातलं माणिक' एवढेच म्हणे. नव्वदीला टेकलेल्या आमच्या आत्या म्हणतात की, त्यांनी लहानपणापासून बर्म्याचेच ऐकले. पहिल्यांदा ते कोण म्हणाले, हे कळण्याचा आता मार्ग नाही. आम्ही स्वतः मात्र ते कितीदा म्हणालो, याची गणती करणे अवघड आहे. परमुलखात पाच पिढ्या काढलेल्या घराण्यांना आपल्या जुन्या वैभवाचा उल्लेख करण्याची एक खोड असते. वाचकांपैकी कित्येकांना ती आपापल्या घरातून परिचयाची असेल. आजोबांच्या साध्या कारकुनीत जे बसत नव्हते, ते आम्ही आमच्या बोलण्यात बसवले होते.

प्रश्न उरला तो व्याह्यांना सांगण्याचा. आत्यांचे मत स्पष्ट होते. "कशाला सांगायचं? रंग तोच, तेज तेच. इतक्या वर्षांत कुणाला कळलं?" चिरंजीव म्हणाले, "अंगठी कपाटात राहू द्या. नवा हिरा घेऊ, म्हणजे विषयच संपला." सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत, त्या कागद घडी करून पुन्हा उलगडत राहिल्या. दोन्ही सल्ल्यांत तथ्य होते, म्हणूनच आम्ही दोन्हींचा नीट विचार केला.

नवी अंगठी घ्यायची झाली तर काय घ्यावे? निदान द्रव्याच्या बाबतीत उत्तरे बरीच निश्चित आहेत. फ्रीड्रिख मोज याने १८१२ साली काठिण्याची श्रेणी लावली, तीत हिरा दहाव्या पायरीवर, माणिक आणि नीलम नवव्या, पुष्कराज आठव्या, पाचू त्याच्या थोडा खाली, आणि मोती तळाशी तिसरीच्याही आत. रोजच्या धुळीत गारेचे कण असतात आणि गार सातव्या पायरीवर आहे. याचा अर्थ असा की, साताच्या खालचा खडा रोज बोटात वागवला तर नुसत्या पुसण्यानेही हळूहळू मंद होतो. मोत्याला तर घामही बाधतो. पाचूत जन्मजात भेगा असतात, आणि त्या दिसू नयेत म्हणून त्याला तेल पाजण्याची रीत जुनी आहे. माणिक आणि नीलम तापवून त्यांचा रंग खुलवतात. हे सारे व्यापारात मान्य आहे. गिऱ्हाइकाला सांगितले म्हणजे झाले. हिऱ्याविषयीची आपली एक लाडकी समजूत मात्र चुकीची आहे. खरा हिरा घणाखाली फुटत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही हे खरे. पण ठरावीक दिशांनी घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे. संसाराला यांपैकी कोणता गुण अधिक लागतो, ते अनुभवी वाचकांना सांगायला नको.

धातूचेही असेच. शुद्ध सोने इतके मऊ की खडा धरून ठेवण्याचे बळ त्यात नसते. म्हणून खड्याच्या अंगठीला १८ किंवा १४ कॅरट अधिक योग्य. १४ कॅरट म्हटले की आमच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, कारण जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि त्याहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली, तेव्हा किती सोनारांच्या भट्ट्या विझल्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. परंतु दोष १४ या आकड्यात नाही. १४ म्हणून दिलेले १४ हे चोख सोने आहे; २२ म्हणून दिलेले १८ हे खोटे सोने आहे. २००० सालापासून आपल्याकडे हॉलमार्क आला, जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि आता प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी ओळखक्रमांक कोरलेला असतो. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. त्यात निकेल असेल तर काहींच्या बोटाला पुरळ येते. प्लॅटिनमला मुलामा लागत नाही, पण ते १७६८ अंशांना वितळते. गल्लीतल्या सोनाराच्या बागेसरीवर त्याचे काम होत नाही. एवढे ठाऊक असले म्हणजे बोटाच्या, कामाच्या आणि खिशाच्या मानाने कोणालाही निवड करता येते. येथवर शहाणपण पुरते, नीतीचा प्रश्न येत नाही.

नीतीचा प्रश्न येतो तो खडा कोठून आला, हे विचारताच. बडोद्याच्या जवाहिरखान्याची शान असलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा हिरा १८५३ साली ब्राझीलमध्ये एका गुलाम स्त्रीला सापडला. पैलू पाडल्यावर तो १२८ कॅरटांचा उरला आणि खंडेराव महाराजांनी तो विकत घेतला. हिऱ्याचे नाव जगभर झाले. त्या स्त्रीचे नाव मात्र आम्ही बडोद्यात वाढूनही कधी ऐकले नाही. पुढे आफ्रिकेतील यादव्यांना हिऱ्यांच्या पैशाने दारूगोळा पुरवला, तेव्हा जगाला जाग आली आणि २००३ साली किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. तीही कच्च्या हिऱ्यापुरती आणि बंडखोरांच्या हिऱ्यापुरती; खाणीत कोणाच्या पाठीवर कोरडा ओढला गेला, हे ती विचारत नाही. सोन्याची गोष्ट निराळी नाही. माणसांच्या कृतीने जगाच्या हवेत जो पारा मिसळतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा सोन्याच्या लहान लहान खाणींवरच्या कामाचा आहे.

म्हणून काही विचारी मंडळी म्हणतात, स्वस्त आणि साधा खडा घ्यावा, म्हणजे पापही लहान. तेही तितके सोपे नाही. आमच्यापासून फार दूर नसलेल्या खंभातला अकीक हडप्पाकाळापासून प्रसिद्ध आहे. आजही तेथे घरोघरी दगड घासून मणी करतात. त्या घासण्याची धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिसने तरणी माणसे खचतात. चार पैशांच्या मण्यालाही कोणाच्या तरी श्वासाची किंमत लागलेली असते. उरला प्रयोगशाळेतील हिरा. १९५४ साली अमेरिकेत तो प्रथम खात्रीपूर्वक बनला. आज सुरतेत खाणीतल्या हिऱ्यांना पैलू पाडणारेच हात त्यालाही पैलू पाडतात. २०२३ साली भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीस असाच साडेसात कॅरटांचा हिरा भेट दिला, तेव्हा त्याला प्रतिष्ठाही लाभली. त्याच्या पाठीशी खाण नाही, पण भट्टीची वीज आहे, आणि आपल्याकडची बरीच वीज कोळशाची. सारांश, निष्पाप खडा शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने परत येईल. जुने सोने मोडून नवे घडवणे आणि घरातला खडा पुन्हा वापरणे, हाच काय तो कमीत कमी पापाचा मार्ग. आत्यांचा कल त्याच मार्गाकडे होता, हे येथे मान्य केले पाहिजे.

मग आत्यांचे चुकत होते कोठे? अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. प्रयोगशाळेतला हिरा हाही हिराच, हे त्याने मानले. परंतु विकताना तो प्रयोगशाळेतला आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे, ही अट कायम ठेवली. आम्हांला या निर्णयात व्यापारापेक्षा मोठे तत्त्व दिसते. वस्तू स्वतः खरी किंवा खोटी नसते. आमचा खडा १९३१ साली जसा होता तसाच आज आहे. आजोबांच्या वहीत तो खरा होता आणि आमच्या बैठकीत खोटा झाला. खोटेपणा त्याच्या पोटातल्या बुडबुड्यांत नव्हता, आमच्या विशेषणात होता.

यावर एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो आमच्या रंगभूमीवरूनच येतो. देवलांमुळे घरोघरी पोचलेल्या 'मृच्छकटिका'त वसंतसेनेने ठेवलेले दागिने चोरीस जातात. धूता स्वतःची रत्नमाला पुढे करते, तीही व्रताचे निमित्त काढून, नवऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून. चारुदत्त ती वसंतसेनेकडे पाठवतो आणि निरोप देतो की, दागिने मी जुगारात हरलो. हे धडधडीत असत्य आहे. तरीही प्रेक्षकांच्या मनातून चारुदत्त उतरत नाही, उलट उंचावतो. मग दागिन्याविषयी खरेच बोलावे, हा हट्ट कशासाठी?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला आणि उत्तर असे सुचले. चारुदत्ताच्या असत्याने त्याचे स्वतःचे मोल घटते. तो जुगारी ठरायला तयार होतो. धूतेच्या निमित्ताने तिची रत्नमाला जाते, मानही दुसऱ्याचाच राखला जातो. आमच्या 'बर्म्या'ने मात्र आमचेच मोल वाढत होते आणि त्याची किंमत भरायची होती ती एका परक्या घरच्या मुलीने, आमच्यावर विश्वास टाकून. एकच तराजू, पण पारडी उलटी. दागिन्याविषयी असत्य बोलण्याचा मोह झाला, तर या असत्याने कोणाचे पारडे जड होते, एवढे पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तेथल्या तेथे मिळते.

चिरंजीवांच्या सल्ल्याचाही विचार झाला. नवा हिरा घेतला असता तर खोटे बोलावे लागले नसते, फक्त खरे सांगायचे टळले असते. परंतु शब्द देऊन झाला होता. तो फिरवायचा तर कारण सांगणे भाग, आणि कारण सांगायचे तर खरे सांगणे भाग. शिवाय महाग खड्याने झाकलेले मौन हे स्वस्त खड्यावरच्या बढाईपेक्षा फारसे निराळे नसते. 'गुंतवणूक म्हणून हिरा' हे समाधानही पोकळ आहे. सोने मोडीत घालताना घडणावळ आणि घट वगळता बाकीची किंमत हाती येते. हिरा परत विकायला गेले म्हणजे त्याच्या बिलाची आणि बाजाराची गाठ क्वचितच पडते.

अखेर आम्ही इंदूरला दूरध्वनी न करता स्वतः गेलो. व्याह्यांच्या दिवाणखान्यात कागद आणि वहीतल्या पानाची छायाप्रत पुढे ठेवली आणि जे होते ते सांगितले. ती पाच मिनिटे फार लांबली. व्याही गृहस्थ सभ्य; "असं होतं कधी कधी," एवढेच म्हणाले, पण त्यांच्या स्वरात थोडी सावधगिरी आली ती आम्हांला ऐकू आल्यावाचून राहिली नाही. आणखी काय काय वाढवून सांगितले असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल, तर तो अगदी न्याय्य होता. विहीणबाई चहा आणण्यास आत गेल्या. मुलगी मात्र छायाप्रत हातात घेऊन बराच वेळ त्या न कळणाऱ्या मोडीकडे पाहत बसली. मग तिने विचारले, "आजोबांनी हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं?" आम्ही होय म्हटले. "मग मला हीच अंगठी हवी," ती म्हणाली, "पण हे पानही द्या."

त्या क्षणी 'शाकुंतला'तला नगररक्षक आठवला. कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेली अंगठी राजाकडे पोचवून तो परततो आणि शिपायांना आपला तर्क सांगतो, त्याचा आशय असा की, महाराजांना अंगठीतल्या मौल्यवान रत्नाचे काही वाटले नाही. ती पाहून त्यांना कोणा प्रिय माणसाची आठवण झाली असावी. कालिदासाने हे वाक्य कोणा ऋषीच्या नव्हे, साध्या कोतवालाच्या तोंडी घातले आहे. त्या अंगठीवर राजाचे नाव कोरलेले होते, आणि ओळख पटली ती नावाने. खडा नावाला आधार देण्यापुरता. आमच्या अंगठीवर नाव नव्हते. पण वहीतल्या एका ओळीने तेच काम केले.

पुढचे काम सोनाराचे होते. जुनी अंगठी झिजली होती. तिचे सोने गाळून, त्यात आईच्या मोडक्या कुडीचे थोडे घालून, १८ कॅरटांत नवी घडवली आणि त्याच माणकाला पक्के कोंदण दिले. साखरपुडा इंदूरलाच झाला. आत्या प्रकृतीमुळे आल्या नाहीत. अजूनही कोणी भेटायला आले की त्या बर्म्याच्याच माणकाची कथा सांगतात. त्यांना दुरुस्त करण्याचे धैर्य आम्हांला होत नाही, आणि ते व्हावे की नाही, याचा निर्णयही झालेला नाही. त्यांच्या आठवणीतील आईच्या बोटातला खडा आम्ही कोणत्या अधिकाराने बदलावा?

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी निवड व्हायची असेल, त्यांनी हिरा घ्यावा की माणिक, सोने की प्लॅटिनम, याबद्दल आमचा आग्रह नाही. ऐपत, हौस आणि बोट ज्याचे त्याने पाहावे. विनंती एवढीच की, जे घ्याल ते समोरच्या घरी न अडखळता सांगता येईल असे घ्या, आणि घेतल्यावर तेवढेच सांगा. वाङ्निश्चयात वाणी आधी आहे. अंगठी तिच्या मागून चालते.

घरच्या हिशेबाची वही आता आम्ही ठेवत नाही. पण त्या दिवसापुरती एक नवी वही आणली आणि आजोबांच्या धर्तीवर, मात्र बाळबोधीत, लिहिले: अंगठी एक, सोने १८ कॅरट, पैकी जुने आजीचे व आईचे. माणिक कृत्रिम, आजोबांचे.